ईस्ट कोस्टचे दोन धूर

१४ जून २०२४ च्या दुपारी सिंगापूरच्या पासिर पांजांग टर्मिनलपाशी 'व्हॉक्स मॅक्सिमा' या डच ड्रेजरवरचा ताबा सुटला आणि तो धक्क्याला लागलेल्या 'मरीन ऑनर' या इंधनवाहू जहाजावर जाऊन आदळला. मरीन ऑनरची एक टाकी फुटली आणि सुमारे ४०० टन तेल समुद्रात सांडले. भरती-ओहोटीने ते दूरवर नेले. सेंटोसा, दक्षिणेकडची बेटे आणि पूर्वेला ईस्ट कोस्ट पार्क, सगळीकडच्या वाळूला काळे डाग पडले. किनारे बंद झाले, पोहायला मनाई झाली आणि शेकडो माणसे फावडी नि पिशव्या घेऊन तेलकट वाळू उपसू लागली.

सांडलेले तेल म्हणजे जहाजांच्या इंजिनांसाठीचे कमी गंधकाचे इंधन होते. अपघात झाला नसता तर ते दुसऱ्या कुठल्या तरी जहाजाच्या टाकीत गेले असते, इंजिनात जळाले असते आणि त्याचा थोडा अंश धुराड्यातून काजळीच्या बारीक कणांच्या रूपाने हवेत गेला असता. त्यासाठी एकही किनारा बंद झाला नसता. सिंगापूरच्या आसपास रोज असे हजारो टन इंधन जहाजांत भरले जाते आणि त्याच्या धुराचा हिशेब फारसा कोणी विचारत नाही.

ईस्ट कोस्टचा पट्टा हा हिशेब समजून घ्यायला फार सोयीचा आहे. १९६६ पासून समुद्रात भराव घालून ही जमीन तयार झाली. तिच्यावर सुमारे १५ किलोमीटर लांबीचे उद्यान आहे. उद्यानाच्या उत्तरेला ईस्ट कोस्ट पार्कवे, म्हणजे लोकांच्या तोंडी 'ईसीपी', हा चांगी विमानतळाकडे जाणारा द्रुतगती मार्ग. दक्षिणेला समुद्र आणि त्यात नांगर टाकून उभी असलेली जहाजे: तेलवाहू, कंटेनरवाहू, आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या इंधनाच्या छोट्या बोटी. बेडोक, सिग्लॅप, बेशोअर या भागांत मराठी कुटुंबेही राहतात. संध्याकाळी मुलांना सायकली देऊन ती याच उद्यानात येतात. त्यांच्या एका हाताला रस्त्यावरच्या डिझेलचा धूर असतो आणि दुसऱ्या हाताला जहाजांच्या डिझेलचा.

दोन्ही इंजिनांचे मूळ तत्त्व एकच आहे. तरी त्यांच्या धुरावरच्या नियमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बायोडिझेल, मिथेनॉल, अमोनिया या पर्यायी इंधनांबद्दल आज जे बोलले जाते, त्याचा अर्थही उद्यानाच्या दोन बाजूंना वेगवेगळा लागतो.

काजळी कशी जन्मते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून पंधरा-वीस पटींनी लहान केली जाते आणि त्या दाबानेच ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर असते, पण आतल्या गाभ्यात इंधन जास्त आणि प्राणवायू कमी असतो. तिथे डिझेलचे रेणू जळण्याआधीच उष्णतेने फुटतात. त्यांतल्या कार्बनच्या कड्या एकमेकींना जुळत जातात आणि एक-दोन नॅनोमीटरचे बीज तयार होते. ते वाढत वाढत २०-३० नॅनोमीटरची गोळी होते. अशा गोळ्या एकमेकींना चिकटून वेड्यावाकड्या साखळ्या बनतात. हीच काजळी. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली, तर १०० नॅनोमीटरची एक साखळी तिच्या सातशेव्या हिश्श्याएवढी भरते.

यातली बरीचशी काजळी त्याच सिलिंडरमध्ये पुढच्या काही क्षणांत जळूनही जाते. जी उरते ती बाहेर पडते. नळीत धूर थंड होऊ लागला की अर्धवट जळालेले इंधन, वंगणतेलाची वाफ आणि गंधकापासून झालेले आम्ल या कणांवर बसते. कधी त्यांचे स्वतंत्र थेंबही होतात. हे थेंब ५० नॅनोमीटरहूनही लहान असतात. वजनाने ते नगण्य, पण संख्येने प्रचंड. १०० नॅनोमीटरच्या एका कणाइतके वजन भरायला १० नॅनोमीटरचे हजार कण लागतात. त्यामुळे धुराचे वजन कमी झाले तरी कणांची संख्या तेवढीच कमी झाली असे धरता येत नाही.

शरीराच्या दृष्टीने बारीक कण जास्त त्रासाचे, कारण नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत आणि ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. २०२१ मध्ये याच संघटनेने हवेतल्या पीएम २.५ कणांची वार्षिक सरासरीची शिफारस घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली.

रस्त्याची बाजू

ईसीपीवरून जाणाऱ्या नव्या डिझेल ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काय असते, ते एकदा कापून पाहण्यासारखे आहे. आत सिरॅमिकची एक जाड नळकांडी असते आणि मधाच्या पोळ्यासारखे तिच्यात शेकडो बारीक चौकोनी बोगदे असतात. यातली युक्ती बोगद्यांच्या तोंडाशी आहे. एक बोगदा पुढून उघडा आणि मागून बुजवलेला. त्याच्या शेजारचा पुढून बुजवलेला आणि मागून उघडा. धूर उघड्या बोगद्यात शिरतो, पुढे वाट नसल्याने सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या बोगद्यात घुसतो आणि तिथून बाहेर पडतो. वायू भिंत ओलांडतो, काजळी भिंतीवर अडकते. थोड्या दिवसांत या साचलेल्या काजळीचाच थर आणखी चांगला गाळणा होतो.

पण ही जाळी भरत जाते. मग इंजिन मुद्दाम थोडे जास्त इंधन देऊन धूर ५५०-६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते आणि साचलेली काजळी जाळून टाकते. जी बस दिवसभर थांब्या-थांब्याला थांबत चालते, तिचा धूर पुरेसा तापत नाही आणि चालकासमोरचा दिवा पेटतो. जाळलेल्या काजळीचे काही उरत नाही. उरते ती वंगणतेलातल्या कॅल्शियम-जस्ताची राख. ती कशानेच जळत नाही. काही लाख किलोमीटरनंतर जाळी काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते.

या जाळीने काय साधले ते आकड्यांत दिसते. १९९२ मध्ये युरोपातल्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे १४० मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. आज ती साडेचार मिलिग्रॅम आहे. शिवाय वजनाबरोबर संख्याही मोजली जाते: किलोमीटरमागे ६ गुणिले १० चा ११ वा घात, म्हणजे ६०,००० कोटी कण. आकडा ऐकून छाती दडपते, पण जाळी नसलेली गाडी याच्या शंभर पटींनीही जास्त कण सोडू शकते. सिंगापूरने डिझेल वाहनांना ऑक्टोबर २००६ मध्ये युरो ४, जानेवारी २०१४ मध्ये युरो ५ आणि जानेवारी २०१८ मध्ये युरो ६ लागू केले. भारतात बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी घेतली गेली, १ एप्रिल २०२० रोजी.

जाळीच्या आधी मात्र इंधन स्वच्छ करावे लागले. गंधक जास्त असेल तर जाळीबरोबर बसवलेला उत्प्रेरक निकामी होतो आणि आम्लाचे नवे कण तयार होतात. म्हणून सिंगापूरने २०१३ मध्ये डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आणले. भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हेच प्रमाण १०,००० भाग होते. ते टप्प्याटप्प्याने उतरत २०२० मध्ये १० वर आले. आधी तेल शुद्ध, मग जाळी, मग कडक मर्यादा, या क्रमानेच रस्त्यावरचा काळा धूर कमी झाला.

आता पर्यायी इंधनांकडे येऊ. वनस्पतितेलावर इंजिन चालवण्याची कल्पना डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते आणि रुडॉल्फ डिझेलनेच पुढे त्याची आठवण लिहून ठेवली. आजचे बायोडिझेल म्हणजे तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बनवलेले एस्टर. त्याच्या वजनात सुमारे ११ टक्के प्राणवायू असतो. फवाऱ्याच्या गुदमरलेल्या गाभ्यात हा प्राणवायू रेणूबरोबरच पोहोचतो आणि काजळीचे बीज कमी धरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये ट्रकच्या इंजिनांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. २० टक्के बायोडिझेल मिसळले तर कणांचे वजन सुमारे १० टक्क्यांनी घटते, शंभर टक्के बायोडिझेलवर ते जवळपास निम्म्यावर येते, पण नायट्रोजन ऑक्साइड थोडे वाढतात, असा निष्कर्ष निघाला. ती इंजिने जाळीच्या आधीच्या काळातली होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

दुसरा प्रकार हायड्रोजनची प्रक्रिया केलेल्या तेलाचा, म्हणजे एचव्हीओचा. यात प्राणवायू नसतो, पण ज्यांच्यापासून काजळी चटकन धरते ती कार्बनची सुगंधी वलयेही नसतात आणि गंधक जवळपास शून्य असते. फिनलंडच्या नेस्टे कंपनीचा असे डिझेल बनवणारा मोठा कारखाना सिंगापूरच्याच पश्चिम टोकाला, तुआसमध्ये आहे. २०१० मध्ये तो सुरू झाला आणि २०२३ च्या विस्तारानंतर त्याची क्षमता वर्षाला २६ लाख टनांवर गेली.

ही इंधने युरो ६ च्या ट्रकमध्ये टाकली तर नळीच्या तोंडाशी काय बदलते? कणांच्या बाबतीत फारच थोडे. जाळी डिझेलची काजळीही अडवते आणि बायोडिझेलचीही. फायदा आहे तो जाळीला: बायोडिझेलची काजळी कमी तापमानाला जळते, त्यामुळे साफसफाई सोपी जाते. तोटाही जाळीलाच: बायोडिझेलमध्ये सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस राहून गेले तर राख वाढते. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात पर्यायी इंधनाची बाजू वेगळी मांडता येईल. सायकलवरच्या मुलाच्या फुप्फुसापुरते बोलायचे, तर नव्या ट्रकमध्ये कोणते तेल आहे यापेक्षा त्याची जाळी शाबूत आहे का, हा प्रश्न मोठा.

आणि तिथेच रस्त्याचा कच्चा दुवा आहे. तडा गेलेली किंवा काढून टाकलेली जाळी डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडची पीयूसी चाचणी धुराची अपारदर्शकता पाहते. नव्या इंजिनांचा धूर इतका विरळ असतो की जाळी निकामी झाली तरी गाडी त्या चाचणीत पास होऊ शकते. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये नियमित तपासणीत डिझेल गाड्यांचे कण मोजायला सुरुवात केली ती याचसाठी. इंजिन नुसते चालू ठेवून नळीत एक छोटी तोटी धरायची आणि यंत्र घनसेंटिमीटरमधले कण मोजते. पुण्या-मुंबईच्या पीयूसी केंद्रांवर असे यंत्र यायला हवे.

सिंगापूरने मोटारींपुरता आणखी सोपा मार्ग धरला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नव्या डिझेल मोटारी आणि टॅक्सींची नोंदणी बंद झाली आहे. २०३० पर्यंत सार्वजनिक बसगाड्यांपैकी निम्म्या विजेवर आणायच्या आहेत. मालवाहू ट्रक मात्र अजून बहुतांशी डिझेलवरच चालतात.

समुद्राची बाजू

बेडोक जेटीवर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की नांगरलेल्या जहाजांच्या रांगा दिसतात. त्यांचे मुख्य इंजिन बंद असते, पण दिवे, पंप, शीतगृहे, वातानुकूलन यांसाठी सहायक डिझेल इंजिने आणि बॉयलर अहोरात्र चालू असतात. धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय काही बंदरांत असते. नांगरावर उभ्या जहाजाला ती मिळू शकत नाही.

सिंगापूर हे जहाजांना इंधन पुरवणारे जगातले सर्वांत मोठे बंदर. २०२४ मध्ये इथे ५ कोटी ४९ लाख टन इंधन विकले गेले. कोकणातल्या ज्या घरांतून कोणी ना कोणी बोटीवर जाते, त्या घरांना 'बंकरिंग' हा शब्द नवा नाही. इंधनाची बोट जहाजाला बिलगते, जाड नळी जोडली जाते आणि तासन्‌तास तेल वाहत राहते. पूर्वी मापावरून भांडणे होत. १ जानेवारी २०१७ पासून सिंगापूरने इंधन तेल देताना वस्तुमान मोजणारा मीटर सक्तीचा केला. असे करणारे ते पहिले बंदर. तेल चढत असताना नळीच्या जोडावर एक बारीक नळ थेंब थेंब तेल बाटलीत गोळा करत राहतो. शेवटी ते हलवून छोट्या बाटल्यांत भरतात, बाटल्यांना सील लागते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार एक बाटली जहाजावर किमान १२ महिने जपून ठेवावी लागते. त्या तेलात गंधक किती होते याचा वाद वर्षभरानंतरही सोडवता येतो. तेच तेल जळल्यावर धुराड्यातून किती कण गेले, याची अशी कोणतीही बाटली नाही.

याचे कारण नियमातच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मारपोल कराराचे सहावे परिशिष्ट जहाजांच्या धुराबद्दल आहे. त्यात नायट्रोजन ऑक्साइडवर मर्यादा आहे, इंधनातल्या गंधकावर मर्यादा आहे. कणांवर थेट मर्यादा नाही. गंधक कमी केले की कणही कमी होतील, असे गृहीत धरले आहे. ते अर्धे खरे आहे. १ जानेवारी २०२० रोजी गंधकाची कमाल मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि सल्फेटचे कण झपाट्याने घटले. धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन ते आम्लधर्मी पाणी परत समुद्रात सोडणारी यंत्रे वापरायला सिंगापूरने त्याच दिवसापासून आपल्या बंदरात बंदी घातली. पण काजळी गंधकापासून होत नाही. उलट २०२० च्या सुरुवातीलाच फिनलंड आणि जर्मनीने सागरी संघटनेपुढे अहवाल ठेवला, की कमी गंधकाच्या काही नव्या मिश्रणांत सुगंधी वलये जास्त असल्याने काजळी वाढू शकते.

अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत ५,००० भाग. ईसीपीवरच्या ट्रकच्या डिझेलपेक्षा पाचशे पट. शिवाय जड तेलात व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू असतात. ते जळत नाहीत, कणांत उतरतात. हवेच्या नमुन्यात हे दोन धातू एकत्र सापडले की शास्त्रज्ञ जहाजांच्या धुराचा माग काढतात. असल्या इंधनाच्या धुरावर ट्रकसारखी जाळी बसवली तर गंधक आणि राखेने ती बघता बघता तुंबेल. म्हणून मोठ्या जहाजांवर जाळी नाही, आणि जाळी नाही म्हणून इंधनावरच सगळी भिस्त आहे.

पर्यायी इंधनांना खरा अर्थ येतो तो इथे. रस्त्यावर ज्या बायोडिझेलने कणांत फारसा फरक पडत नव्हता, तेच जाळी नसलेल्या इंजिनात काजळी ठळकपणे उतरवते. २०२४ मध्ये सिंगापूरने ८ लाख ८० हजार टन जैवमिश्रित इंधन जहाजांना विकले. त्यात जैवइंधनाचा वाटा बहुधा २४ टक्के असतो, बाकीचे नेहमीचे तेल.

द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, त्याच वर्षी ४ लाख ६० हजार टन विकला गेला. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू, त्यामुळे काजळी फार कमी. पण थोडा मिथेन न जळताच निसटतो आणि हवामानाच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवणारा. सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या वंगणतेलाचे अतिसूक्ष्म कण वायूवर चालणाऱ्या इंजिनातूनही निघतात.

मिथेनॉलच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेलाच नसतो, म्हणून काजळीची साखळी सुरू व्हायला जागा नाही. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून डेन्मार्ककडे पहिल्या प्रवासाला निघालेल्या मर्स्क कंपनीच्या मिथेनॉलवर चालणाऱ्या कंटेनर जहाजाने सिंगापूरला थांबून सुमारे ३०० टन जैव मिथेनॉल घेतले. पुढे त्याचे नाव 'लॉरा मर्स्क' ठेवले गेले. मार्च २०२४ मध्ये 'फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनियर' या जहाजाने सिंगापूर बंदरात डिझेलच्या जोडीने अमोनिया जाळून दाखवला. त्यासाठी जुरोंग बेटावरून ३ टन द्रवरूप अमोनिया भरला होता. अमोनियात कार्बनच नाही. मात्र मिथेनॉल असो वा अमोनिया, दोन्ही पेटवायला थोडे डिझेल लागते आणि तेवढी काजळी होतेच. न जळलेला अमोनिया निसटला तर तो विषारी आहे, आणि हवेतल्या आम्लांशी मिळून त्याचे नवे सूक्ष्मकण तयार होतात, तेही धुराड्यापासून दूर, जिथे कोणी मोजत नसते.

जैवइंधने आणि एलएनजी मिळून २०२४ मधल्या एकूण विक्रीत शंभर टनांमागे अडीच टनही भरत नाहीत. नांगरावरची बाकी जहाजे अजून खनिज तेलावरच चालली आहेत.

तेल येणार कुठून

बायोडिझेल लागेल तेवढे मिळणार नाही. पामतेलापासून ते करायचे म्हटले तर सिंगापूरकरांना सुमात्रा आठवते. तिथे पाम आणि कागदाच्या लाकडाच्या लागवडीसाठी जमीन मोकळी करताना पीटची दलदल पेटते आणि धुराचा लोट सामुद्रधुनी ओलांडून येतो. २१ जून २०१३ रोजी सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता. इंजिनातली काजळी वाचवण्यासाठी जंगलातली काजळी वाढवण्यात अर्थ नाही.

तळणीचे वापरलेले तेल हा स्वच्छ मार्ग आहे, पण ते तळणीएवढेच मिळते. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये 'रुको' ही मोहीम सुरू केली, ती हॉटेले आणि फरसाणवाल्यांचे जुने तेल पुन्हा कढईत न जाता बायोडिझेलकडे जावे म्हणून. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य आहे.

तेल मर्यादित असेल तर ते कुठे जाळायचे हे ठरवावे लागते. या प्रश्नाशी एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. दिल्लीच्या बसगाड्यांना सीएनजी सक्तीचा करण्यावरून वाद पेटला असताना डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये भूमिका घेतली, की सरकारने धुराची मर्यादा आणि इंधनाचा दर्जा ठरवावा, गाडीने कोणते इंधन वापरावे हे ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाने सीएनजीचाच आदेश कायम ठेवला. आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी पटते. तेव्हाच्या दिल्लीतल्या डिझेल बसला जाळी नव्हती आणि डिझेलमध्ये गंधक होते, म्हणून इंधन बदलण्याचा परिणाम लगेच दिसला. जिथे धुराची मर्यादा खरोखर मोजली जाते आणि जाळी बसवलेली असते, तिथे माशेलकर समितीचे तत्त्व लागू पडते. जहाजे अजून दिल्लीच्या जुन्या बसच्या टप्प्यावर आहेत.

मग हिशेब सरळ होतो. मोटारी आणि बस विजेवर नेता येतात, त्या नेल्या जाव्यात. ट्रकला जाळी आहे, ती शाबूत ठेवावी. मर्यादित जैवइंधन जावे ते जाळी नसलेल्या इंजिनांकडे: बंदरातल्या टगबोटी, इंधनाच्या बोटी, नांगरावरच्या जहाजांची सहायक इंजिने. सिंगापूरने तसे एक पाऊल उचलले आहे. २०३० पासून तिथल्या बंदरात काम करणारी प्रत्येक नवी छोटी बोट पूर्ण विजेवर चालणारी, शंभर टक्के बायोडिझेल पचवणारी किंवा हायड्रोजनसारख्या कार्बनमुक्त इंधनाला योग्य अशी असावी लागेल. बोटीत गंधकविरहित इंधन आले की तिच्यावर जाळी बसवायचा रस्ताही मोकळा होतो. युरोपात नदीतल्या बोटींच्या ३०० किलोवॉटच्या वरच्या नव्या इंजिनांना आणि बांधकामाच्या बहुतेक यंत्रांना कणसंख्येची मर्यादा आधीच लागू झाली आहे. रस्त्यावर जो क्रम लागला, तेल शुद्ध आणि मग जाळी, तोच बंदरातल्या बोटींनाही लावता येईल.

ईस्ट कोस्टवर याची कसोटी लवकरच लागणार आहे. समुद्राची पातळी वाढली तर हा सखल किनारा वाचावा म्हणून ईस्ट कोस्टसमोर भराव घालून सुमारे ८०० हेक्टरचे 'लाँग आयलंड' उभारण्याची योजना सिंगापूर सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. आधी काही वर्षे तांत्रिक अभ्यास, मग कित्येक वर्षे काम. त्या काळात ड्रेजर, टगबोटी, वाळूचे बार्ज आणि खोदकामाची यंत्रे उद्यानाच्या अगदी समोर चालतील आणि ती बहुतेक सगळी डिझेल जाळणारी असतील.

महाराष्ट्रालाही हे चित्र परके नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. तिथे समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे, म्हणजे लाँग आयलंडच्या जवळपास पावणेदोन पट. भारतात ट्रकना बीएस-६ लागू आहे, जनरेटरना १ जुलै २०२३ पासून कडक मर्यादा आली आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या, ससून डॉक किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरच्या धुरात किती कण आहेत, हे मात्र कोणी तपासत नाही.

ड्रेजर आणि टगबोटी निविदेतून येतात. कंत्राटदाराने कोणते इंधन वापरावे, त्यात गंधक किती असावे, इंजिनावर जाळी असावी की नसावी आणि कण कोणी, कधी मोजून कुठे जाहीर करावेत, हे सगळे निविदेच्या कागदात लिहिता येते. लाँग आयलंडचा अभ्यास अजून चालू आहे, म्हणजे तिथे या अटी घालायला वेळ आहे. वाढवणला भरावाची आणि गाळ काढण्याची कामे वर्षानुवर्षे चालणार आहेत. त्यांच्या यापुढच्या प्रत्येक निविदेत या चार ओळी याव्यात, असा आग्रह पालघरच्या ग्रामपंचायतींपासून विधिमंडळापर्यंत धरता येईल.